मयतांचा सातबारा आणि हयातीतील शहाणपण

२०२५ साली महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम राबविली. मयत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लावणे, हा तिचा हेतू. मोहीम स्वागतार्हच होती. पण शासनाला अशी मोहीम काढावी लागते, याचा अर्थ काय? आजोबा गेले, बाप गेला, नातवाचे केस पिकले, तरी सातबारा आजोबांच्याच नावे आहे. वारस नोंद नाही म्हणून पीककर्ज मिळत नाही, भूसंपादनाचा मोबदला अडकतो आणि भाऊ-भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. धाराशिव जिल्हा याला अपवाद नाही.

दुसरीकडे पुण्या-मुंबईत 'फॅमिली ट्रस्ट' आणि अमेरिकी पद्धतीचा 'लिव्हिंग ट्रस्ट' यांची चर्चा आहे. माणसाने हयातीतच आपली मालमत्ता विश्वस्ताच्या हाती सोपवायची, जगेपर्यंत तिचे उत्पन्न घ्यायचे आणि आपल्या पश्चात कोणाला काय मिळावे हे आधीच लिहून ठेवायचे, असा हा प्रकार. अमेरिकेत मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करण्याची प्रक्रिया लांबलचक व खर्चिक असल्याने तिथे तो रुजला. धाराशिव, कळंब, उमरग्यात मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. मग हा विषय श्रीमंतांचा म्हणून आपण सोडून द्यायचा काय? मुळीच नाही.

आपल्या समाजाचा मालमत्तेशी संबंध कसा राहिला, ते आठवावे. वतनाची जमीन ही मालकी नव्हती, रात्रंदिवस राबण्याचा तो तुटपुंजा मोबदला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिचेही तुकडे पडत गेले. वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, तिलाही बाबासाहेब आले होते. त्या संघर्षानंतर शिक्षण आले, नोकरी आली. कोणी शिक्षक झाला, कोणी एसटीत वाहक. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचे घर झाले. अनेक घरांत वारशाने देण्यासारखे काही पहिल्यांदाच आले आहे. ज्यांच्या घरात सात पिढ्यांची मालमत्ता आहे, त्यांच्या घरी वकीलही पिढीजात असतो. आपल्याकडे हा अनुभव नाही, म्हणून आपणच अधिक जागे राहिले पाहिजे.

कागद न करता माणूस गेला तर काय होते? १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाट्याने मिळते. वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावले म्हणजे तो मालक झाला, हाही गैरसमजच. नॉमिनी केवळ पैसे स्वीकारतो, ते वारसांना द्यावे लागतात.

बहुतेक कुटुंबांना मृत्युपत्र पुरेसे आहे. ते साध्या कागदावर होते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून घ्यावी. हयातीत ते केव्हाही बदलता येते.

मग ट्रस्ट कोणासाठी? गावात ट्रस्ट म्हटले की विहार किंवा शाळा डोळ्यांपुढे येते. ते सार्वजनिक न्यास, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले. कुटुंबाचा खासगी ट्रस्ट १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली होतो. घर किंवा जमीन त्यात घालायची तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि तो रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे हवा असेल तर तसे दस्तात लिहावे लागते. घरात मतिमंद मूल आहे, अज्ञान नातवंडे आहेत, नांदत नसलेली लेक आहे, तिथे हा खर्च सार्थ ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर परिसरात एका पहाटे घरांतील कर्ती माणसे नेली. मागे उरलेल्या लेकरांचा पैसा कोणी सांभाळायचा, हा प्रश्न या जिल्ह्याने पाहिला आहे. मात्र भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय ट्रस्टकडे देता येत नाही. दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतून मिळालेल्या जमिनीचे तर हस्तांतरच करता येत नाही. त्यामुळे कोणी एजंट 'सगळे ट्रस्टमध्ये टाका' म्हणाला तर आधी सातबारा वाचावा.

काही जण हयातीतच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होतात. महाराष्ट्रात जवळच्या रक्ताच्या नात्यात घर व शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला २०० रुपयेच मुद्रांक शुल्क आहे, त्यामुळे मोहही होतो. पण बक्षीस दिलेले सहजी परत येत नाही. 'मुलाने आमचा सांभाळ करावा' ही अट दस्तात लिहून घ्यावी. तो सांभाळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मृत्युपत्र असो वा ट्रस्ट, ते लेकीला वगळण्याचे हत्यार होता कामा नये. साडी-चोळी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्याही घरांत शिरली आहे. ज्या बाबासाहेबांनी स्त्रीला वारसा मिळावा म्हणून हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेल्यावर १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांची प्रतिमा भिंतीवर आणि खाली बहिणीचे हक्कसोडपत्र, हे कसे चालेल? घरातील सर्वांनी, लेकींसह, एकत्र बसावे. काय आहे आणि कोणाच्या नावे आहे, याची यादी करावी आणि हातपाय धड असतानाच कागद करावा. पुढच्या मोहिमेत आपल्या घरचा सातबारा मयताच्या नावे सापडू नये, एवढी काळजी तरी प्रत्येकाने घ्यावी.