हरवलेल्या नोंदी आणि हाती दुरुस्तीचा मोह

कचेरीतील एखाद्या संगणकाचे नाव इतरांना एकाएकी सापडेनासे होते, तेव्हा बहुधा तो संगणक धडधाकट असतो, तारही जागच्या जागी असते. नाहीशी झालेली असते ती केवळ नाव व अंकात्मक पत्ता यांची सांगड घालणारी, डीएनएस नामक दप्तरातील एक ओळ. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था योजिली, तोवर इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील संगणकांची यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच फाइलीत हाताने राखली जात असे. आणि पुढे १९९७ साली ठरलेल्या पद्धतीने संगणकाला आपली नोंद आपणच करण्याची व ती वेळोवेळी ताजी ठेवण्याची मुभा मिळाली.

या मुभेबरोबर जुन्या नोंदी खारीज करण्याची तरतूदही आली. विंडोज सर्व्हरमध्ये ही सफाई चालू केली असता, मूळ ठरावाप्रमाणे सात-सात दिवसांच्या दोन मुदती उलटूनही जिचे नूतनीकरण झाले नाही, अशी नोंद पुसली जाण्यास पात्र ठरते. मग इंटरनेट सुरळीत चालावे म्हणून कोणी संगणकाच्या मांडणीत कचेरीच्या डीएनएस सर्व्हरऐवजी बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता भरून ठेवला असेल, तर त्या बिचाऱ्याचा नूतनीकरणाचा अर्ज योग्य दप्तरात रुजूच होत नाही, आणि दप्तर मात्र कायद्याबरहुकूम वागते!

अशा वेळी हाताने ओळ लिहून मोकळे होण्याची जी सर्रास रीत पडली आहे, ती मला घातक वाटते. हाती नोंदीवर नूतनीकरणाची वेळ सांगणारी कालमुद्रा नसल्यामुळे सफाई तिला कधीच शिवत नाही. शिवाय जेथे केवळ सुरक्षित नोंदणीस परवानगी आहे, तेथे तिची मालकी लिहिणाऱ्याकडे राहते आणि ज्याचे नाव तीत आहे त्या संगणकालाच उद्या पत्ता बदलल्यावर फेरफार करता येत नाही. स्वतः नोंदणी न करणाऱ्या छपाईयंत्रांची गोष्ट निराळी. एरवी प्रथम संगणक कोणत्या सर्व्हरला विचारतो ते पाहावे, चूक सुधारावी, आणि मग ‘आयपीकॉन्फिग’ला ‘रजिस्टरडीएनएस’ची जोड देऊन त्याच्याकडूनच नोंद करवावी. जाळ्यातील प्रवेश तपासणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्या सेवांच्या नोंदी गेल्या असतील, तर नेटलॉगॉन सेवा पुन्हा सुरू केल्याने त्या बहुधा परततात.

जाळ्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी कालमुद्रेवाचून असलेल्या नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात, आणि पुसण्यापूर्वी त्यांचे धनी शोधावेत.