पाटीवरचा वाडा

बोरिवली असो की मुलुंड, किराणा दुकानात तोंड उघडून ठेवलेल्या गोण्यांपैकी एकीत पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असते: ‘वाडा कोलम’. दाणा बारीक, भात मऊ, म्हणून गिऱ्हाईक साध्या कोलमपेक्षा किलोमागे चार पैसे जास्त मोजतं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या, ‘झिनी’ म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून या नावावर तिथल्या शेतकऱ्यांचा कायदेशीर हक्क आहे. पण एका तालुक्याच्या खाचरांतलं पावसाळी पीक अख्ख्या मुंबईला बारा महिने पुरत असेल, हे हिशेबात बसत नाही. मानांकन शेताच्या बांधावर पोचलं, दुकानातल्या पाटीवर नाही. आणि दर तर पाटीवरच ठरतो.

कायदा मवाळ आहे असं नाही. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोटं नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मात्र माल जप्त करायचा तर निदान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो, आणि त्यालाही आधी मानांकन निबंधकाचं मत घ्यावं लागतं. घाटकोपरच्या एका गोणीसाठी एवढी यातायात कोण करणार? शिवाय तांदूळ एकदा सुटा झाला की दोन मुठींतला फरक सिद्ध करणं महाकठीण. इटलीतल्या पार्मा हॅमबाबत हाच पेच होता. मांस अस्सल, पण काप परदेशात होणार असतील तर खात्री कोण देणार? कापणं आणि पाकिटात भरणं मूळ प्रदेशातच व्हावं, ही अट रास्त असल्याचं युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केलं. आपल्याकडेही ‘वाडा’ हा शब्द फक्त नोंदणीकृत उत्पादकांनी तिथेच भरून शिवलेल्या पिशवीवर असावा. सुट्या गोणीवर नुसतं ‘कोलम’ लिहावं.

कोलम तर गुजरातेतही पिकतो, मग वाड्याचीच मक्तेदारी का, असा आक्षेप येईल. पण कोलम हे नाव कुणी हिरावत नाहीये. तो तांदूळ तितकाच चांगला असेल तर स्वतःच्या गावाच्या नावाने खुशाल विकावा. त्यालाही गिऱ्हाईक मिळेल. खरा वाडा कोलम महाग होईल आणि मध्यमवर्गाच्या ताटातून जाईल, हा दुसरा आक्षेप. महाग होईल, हे खरंच. पण आज या नावासाठी मोजलेले जादा पैसे वाड्यातल्या भातशेतकऱ्याच्या हाती पडतीलच असं नाही, ते वाटेतच कुठेतरी जिरतात. साधा कोलम घेणाऱ्याचं तर उलट भलंच होईल, नावाचा चढा दर त्याच्या माथी बसणार नाही. राहिला दुकानदार. तो घाऊक बाजारातून आलेलं नावच पाटीवर उतरवतो, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर टाकणं अन्यायाचं ठरेल. तपासणी सुरू व्हायला हवी ती नवी मुंबईच्या घाऊक बाजारात, जिथून हे नाव पाटीपर्यंत येतं.