फुटकी काच म्हणजे कचरा नव्हे, कलेट



मागच्या जूनमध्ये पेरणीआधी आम्ही रानात शेणखत विस्कटत होतो. माझा धाकटा भाऊ अनवाणी होता. एकदम ओरडला. पाहतो तर टाचेत काच! दोन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. काच तपकिरी होती. मी ती लगेच ओळखली. शिमग्याच्या सुमारास खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्याच हातून फुटली होती, आणि मीच ती सुपलीत भरून उकिरड्यावर टाकली होती. आई एवढेच म्हणाली, "शेण कुजतं, पाला कुजतो. काच न्हाई कुजत बाबा."

हे मी वर्गात सांगितले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहिला : कलेट. पुन्हा वितळवण्यासाठी गोळा केलेल्या फुटक्या काचेला कारखान्यात कलेट म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतला, त्याचा अर्थ लहान मान. पूर्वी कारागीर लोखंडी नळीने फुंकून बाटली करत. बाटली काढून घेतली की नळीच्या टोकाला काचेची मान उरे. ती फेकून न देता पुन्हा भट्टीत टाकत. त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात.

आता उपयोग ऐका. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र करून सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत काच करतात. कलेट ही आधीच काच झालेली असते, म्हणून ती कमी आचेवर वितळते. उसाच्या रसाचा गूळ करायला गुऱ्हाळावर किती जाळ घालावा लागतो! पण झालेल्या गुळाचा पाक करायला चार काटक्या पुरतात. तसेच हे. भट्टीत शेकडा १० भाग कलेट घातली तर सुमारे शेकडा अडीच ते तीन भाग इंधन वाचते. १ टन कलेट घातली की सुमारे १२०० किलो कच्चा माल वाचतो. १ टनाला १२०० किलो कसे? सोडा आणि चुनखडी तापली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, तेवढे वजन घटते. कलेटमधून तो निघत नाही, म्हणून हवाही कमी बिघडते. आणि काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस जात नाही.

पण मित्रांनो, नुसती फुटली म्हणून काच कलेट होत नाही. पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी करावी लागते. त्यात कपबशीचा तुकडा, खडा, पत्र्याचे झाकण, आरसा किंवा बल्ब चालत नाही. कपबशीचा तुकडा त्या भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. म्हणजे निवडली तर कलेट, उकिरड्यावर टाकली तर काटा.

काही मोठी माणसे म्हणतात, "मूठभर काचेनं काय होतंय? भंगारवाला अख्खी बाटली घेतो, फुटकी घेत नाही." ते खरे आहे. एका घरच्या मूठभर काचेसाठी कोण येणार? पण साऱ्या गावाची पोती भरली तर विचारायला तोंड राहील. आपल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. पैशापैशाने कारखाना उभा राहतो, तर तुकड्यातुकड्याने पोते का भरू नये? आणि कोणी नाहीच घेतले, तरी ती काच रानात तर जाणार नाही! बैलाच्या खुरात तर शिरणार नाही!

म्हणून माझे मत असे. अख्खी बाटली धुऊन पुन्हा वापरावी. फुटकीसाठी ग्रामपंचायतीने चावडीजवळ झाकणाचे तीन डबे ठेवावेत, एकेका रंगाला एक. काच मोठ्यांनीच उचलावी. आपण मुलांनी हात न लावता फक्त कुठे पडली ते दाखवावे. आणि पालकांनो, उकिरड्यात काच टाकू नका. ते खत आपल्याच रानात जाते.

माझी आजी बांगडी फुटली असे कधी म्हणत नाही, "वाढली" म्हणते. मी तिला म्हणालो, "आजी, आता बाटलीलापण तसंच म्हणू." ती हसली. पण दुसऱ्याच दिवशी तिने पडवीत एक जुना पत्र्याचा डबा आणून ठेवला.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी