शाळेची वजाबाकी

२०२०-२१ या वर्षासाठी केंद्र सरकारने राज्यांच्या शालेय शिक्षणाची जी प्रतवारी केली, तीत महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने आपण देशात पहिले आलो. पुढच्या वर्षी निकष बदलले आणि तेच राज्य ६००च्या आत आले. वरच्या पाच श्रेणी तर रिकाम्याच राहिल्या, देशातले एकही राज्य त्यांत बसले नाही. त्या बारा महिन्यांत शाळा काही कोसळल्या नव्हत्या. बदलला होता तो तराजू. आधीच्या तराजूत मुले काय शिकली याला १८० गुण होते आणि कारभाराच्या प्रक्रियांना, म्हणजे हजेरी ऑनलाइन होते का, निधी वेळेत पोहोचतो का, तपासणी झाली का, अशा गोष्टींना ३६०. मुलाला वाचता येण्याच्या दुप्पट मोल कारभार नेटका दिसण्याला होते. नव्या तराजूत शिकण्याचे गुण २४० झाले आणि कारभाराचे १३० वर आले. हा हिशेब राज्यांचा असला, तरी वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेला जोखताना आपण हीच चूक रोज करतो. जे मोजायला सोपे ते मोजतो आणि त्यालाच गुणवत्ता म्हणतो.

आपल्याकडे शाळा मोजण्याच्या योजनांचा तुटवडा नाही. शाळासिद्धीत ४६ मानके होती, त्यानंतर आलेल्या ‘स्क्वाफ’ आराखड्यात १२८ आहेत. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यस्तरावरच्या पहिल्या क्रमांकाला ५१ लाखांचे बक्षीस ठेवले गेले. माहिती बहुतेक ठिकाणी शाळाच भरते, पुरावा म्हणून छायाचित्रे जोडते आणि मग वरून कोणी पडताळणीला येते. त्यामुळे छायाचित्रात जे दिसते ते आधी सुधारते. वर्गखोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या रंगतात, भिंतींवर पाढे आणि नकाशे चढतात, परसबाग फुलते. यात हसण्यासारखे काही नाही. पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल तर मुली शाळेत टिकत नाहीत, छप्पर गळत असेल तर पावसाळ्यात वर्ग भरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पिण्याचे पाणी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, ग्रंथालय, मैदान, कुंपण हे सगळे लिहून ठेवले आहे ते उगाच नाही. पण या अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या नाहीत तर शाळेला नव्हे, जिल्हा परिषदेला जाब विचारायचा. आणि पुऱ्या झाल्या म्हणून शाळेला गुण द्यायचे नाहीत. स्वयंपाकघरात चूल आहे याबद्दल कोणी सुगरणीचे कौतुक करत नाही.

यावर शिक्षण खात्यातले जाणकार म्हणतील, मूल्यांकनाने निदान शाळा आरशात तरी पाहते, त्रुटी कळतात, सुधारणेचा आराखडा बनतो. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण तो तपासून पाहिला गेला आहे. मध्य प्रदेशात अशाच स्वरूपाचा कार्यक्रम राबवला गेला: शाळांचे सविस्तर मूल्यांकन, श्रेणी, प्रत्येक शाळेचा स्वतंत्र सुधारणा आराखडा. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी कार्यक्रमातल्या शाळांची तुलना कार्यक्रमाबाहेरच्या शाळांशी केली. मूल्यांकने झाली होती, आराखडे लिहून झाले होते. शिकवण्याच्या पद्धतीत किंवा मुलांच्या शिकण्यात मात्र फरक सापडला नाही. शाळांनी तो कार्यक्रम कागद पुरे करण्याचे आणखी एक काम म्हणून पार पाडला होता. तरीही त्याच धर्तीचा कार्यक्रम देशभरातल्या ६ लाखांहून अधिक शाळांत नेला गेला. कारण कागदावर तो यशस्वीच होता. आरसा शाळेच्या हाती दिला, पण तो तिने वरिष्ठांकडे तोंड करून धरला, असे या अभ्यासाचे सार काढता येईल.

मग परीक्षेचे निकाल पाहावेत का? गावकरी पाहतातच. शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा आणि नवोदयला लागलेल्यांचा फलक असतो. त्या मुलांचे आणि त्यांच्यासाठी जादा तास घेणाऱ्या गुरुजींचे श्रेय कोणी नाकारू नये. पण चाळीसच्या पटातली चार मुले निवडून घडवणे ही प्रशिक्षण वर्गाची पद्धत झाली. उरलेल्या छत्तीस जणांबद्दल तो फलक गप्प असतो. दुसरी अडचण अशी, की नुसता निकाल शाळेइतकाच घराचाही असतो. खासगी शाळांतली मुले चाचण्यांमध्ये सरस दिसतात, म्हणून पालक पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी माध्यमाची फी भरतात. मुरलीधरन आणि त्यांचे सहकारी सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशात याचाच छडा लावला. सरकारी शाळेतल्या मुलांची सोडत काढून काहींना खासगी शाळेत शिकण्यासाठी पैसे दिले. चार वर्षांनी सोडत लागलेली आणि न लागलेली मुले तेलुगू, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास या विषयांत बरोबरीची निघाली. हिंदीत मात्र सोडत लागलेली पुढे होती, कारण तो विषय सरकारी शाळांत शिकवलाच जात नव्हता. एरवी दिसणारा फरक बराचसा घरातून आलेला होता. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी: खासगी शाळांनी तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊन, एक तृतीयांशाहून कमी खर्चात ही बरोबरी साधली होती. म्हणजे सरकारी शाळेने निश्चिंत व्हावे, असा त्याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की शेवटचा आकडा पाहून शाळा ओळखता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की शाळेची गुणवत्ता ही बेरीज नसून वजाबाकी आहे. मूल आज जिथे आहे त्यातून ते आले तेव्हा जिथे होते ते वजा करायचे. उरेल ते शाळेचे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे मूल तिसरीत मराठी परिच्छेद समजून वाचत असेल, तर त्या शाळेने कापलेले अंतर मोठे आहे. घरात रोज वर्तमानपत्र आणि रात्री गोष्ट असणारे शहरातले मूल तोच परिच्छेद वाचत असेल, तर शाळेचे श्रेय बेताचे. बीड जिल्ह्यातल्या ज्या शाळेतली मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तिला बारमाही भरणाऱ्या शाळेच्या रांगेत उभे करून नापास करणे हा अन्याय आहे. पण ती मुले परतल्यावर कुठे होती आणि वर्ष संपताना कुठे पोहोचली, हे विचारणे अन्याय नाही. शिक्षकांची नेहमीची तक्रार असते, की आमच्याकडे कोणती मुले येतात ते पाहा. वजाबाकी नेमके तेच पाहते. आणि ती करताना आधी सर्वांत मागे असलेल्या मुलाकडे पाहावे, कारण हुशार मूल शाळा बेताची असली तरी रेटून पुढे जाते. मागे पडलेल्याला शाळेशिवाय दुसरे कोणी नसते.

ही वजाबाकी कुठे दिसते? वहीत. दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाची गणिताची वही उघडा. ५२ वजा १७, उत्तर ४५. हे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. मुलाने एकक स्थानी सातातून दोन वजा केले, दशक स्थानी पाचातून एक. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला. दशक सुटा करावा लागतो हे त्याला कळलेले नाही. आता त्याच पानावर लाल शाई काय करते ते पाहा. एका शाळेत नुसती फुली असते आणि खाली तारखेसह सही. दुसरीत फुलीखाली ३५ लिहून दिलेले असते आणि मुलाने ते पाच वेळा उतरवलेले असते. तिसरीत त्या पानानंतर काड्यांचे चित्र येते, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. एक गठ्ठा सोडवून बारा सुट्या केलेल्या. आणि मग ६३ वजा २८, ७१ वजा ४६ अशी त्याच जातीची चार उदाहरणे, त्यांतली पहिली दोन चुकलेली आणि शेवटची दोन बरोबर. चौथ्या प्रकारची वही सर्वांत देखणी असते. सुंदर अक्षर, एकही चूक नाही, प्रत्येक पानावर शेरा. कारण सगळे फळ्यावरून उतरवलेले आहे. तपासणीला आलेला माणूस बहुधा चौथीवर खूश होतो. खरी शाळा तिसऱ्या वहीत आहे, आणि ती ओळखायला पोर्टल लागत नाही. मागची दहा पाने चाळावी लागतात.

वाचनाचेही तसेच. धडा म्हणून दाखव म्हटले तर मूल घडाघडा म्हणते, कारण तो पाठ झालेला असतो. त्याच इयत्तेचे न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक हातात द्या आणि जोडाक्षरांपाशी काय होते ते ऐका. ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून साधारण हेच करते: गावात जाऊन, घरी बसून, अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असलेला एक कागद मुलापुढे ठेवते. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली तिसरीची किती मुले दुसरीचा मजकूर वाचू शकतात? २०१८ मध्ये २०.९ टक्के, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३, आणि २०२४ मध्ये २३.४. सुधारणा खरी आहे, पण चारातली तीन मुले अजूनही दाराबाहेर आहेत. यावर आक्षेप येतो, की शिक्षण म्हणजे का नुसते वाचन आणि वजाबाकी? चित्रकला, खेळ, धिटाई, माणुसकी यांचे काय? आक्षेप मोलाचा आहे. मारकुट्या शाळेत मुले वाचू लागली तरी ती चांगली शाळा नव्हे. पण तिसरीत वाचता न येणारे मूल चौथीपासून प्रत्येक विषयाच्या तासाला केवळ बसून असते, आणि सगळ्यांत आधी त्याची धिटाईच जाते. वाचनाला मी शिक्षणाचे सर्वस्व म्हणत नाही. पण उंबरठा ओलांडल्यावाचून माजघराच्या गप्पा कशाला?

मागे पडलेले मूल पुढे येतच नाही, ही समजूतही खरी नाही. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी कार्यक्रम चालवला. वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन त्यांच्या पातळीपासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वाधिक प्रगती तळाच्या मुलांचीच दिसली. पाठ्यपुस्तकाच्या पानाऐवजी मुलाच्या पातळीपासून सुरुवात केली, हे त्यातले मर्म. महाराष्ट्रातल्या द्विशिक्षकी शाळेला ही गोष्ट सांगायची गरजही नसावी. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या हजारो शाळा आहेत. तिथे चार इयत्ता एकाच खोलीत बसतात आणि गुरुजींना इयत्तेपेक्षा पातळी पाहूनच गट पाडावे लागतात. अशा शाळा पट पाहून निकालात काढण्याआधी त्यांची वजाबाकी तरी करून पाहावी.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. वजाबाकीला गुण आणि बक्षिसे चिकटली, की तीही खोटी होईल. जूनच्या चाचणीत मुलांना मुद्दाम खाली दाखवले जाईल आणि एप्रिलच्या चाचणीत उत्तरे फळ्यावर येतील. हे होईल, यात मला शंका नाही. म्हणूनच हा आकडा वर पाठवायचाच नाही. त्यावर ना बक्षीस, ना बदली, ना क्रमवारी. तो गावातच राहावा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि निम्म्या महिला. आज या समितीचे काम बहुधा ठरावावर सही करण्यापुरते उरते. पालक शिकलेले नसतात, त्यांना काय कळणार, असे म्हटले जाते. पण पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’चे मेळावे झाले, तेव्हा गावोगाव मातांचे गट उभे राहिलेच. पोर अडखळते की ओघाने वाचते, हे ऐकायला पदवी लागत नाही. सातवी शिकलेल्या आईला ते केंद्रप्रमुखांपेक्षा लवकर कळेल, आणि निरक्षर आजीलाही गोष्ट ऐकून ती पोराला समजली की नाही हे विचारता येईल.

गुरुजींवर यात आणखी एक ओझे पडते का? उलट ते उतरायला हवे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम कायद्यालाच मान्य आहे. पण लिंक, छायाचित्रे आणि तातडीच्या माहितीचे तक्ते याच तासांतून वजा होतात. १२८ मानकांची माहिती भरण्यात जाणारा वेळ काड्यांचे गठ्ठे सोडवण्यात गेला, तर शाळेची श्रेणी कदाचित एक पायरी घसरेल. समितीने मात्र जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एप्रिलमध्ये असे तीनदाच वर्गात बसावे, वाचन ऐकावे, वह्या चाळाव्यात. ५२ वजा १७ चे उत्तर जूनमध्ये ४५ लिहिणाऱ्या मुलाने दिवाळीपूर्वी, कोणाचे न पाहता, ३५ लिहिले आणि तो गठ्ठा का सोडला हे सांगितले, तर त्या शाळेबद्दल गावाला हवे ते सगळे कळले. भिंत रंगवायची राहिली असेल तर ती मे महिन्यात रंगवता येईल.