चणे मिळाले, दातांचे काय?

दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात नाहीत, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी दैवाला उद्देशून योजिली. आज ती सरकारी आरोग्य योजनांना लागू पडावी, ही खेदाची गोष्ट होय. २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मान भारत योजनेचे दार सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, खुले झाले. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी मिळाली. तिचे आम्ही स्वागतच करतो. तथापि ज्या वयात ही हमी हाती येते त्याच वयात माणसाचे दात जातात, आणि नेमकी दातांपाशीच ती थांबते.

याचे कारण उघड आहे. ही योजना रुग्णालयातील खाटेवर उभारलेली आहे. जबडा मोडला, तोंडात गाठ झाली, तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल. दात किडला किंवा कवळी बसवावयाची झाली, तर रुग्ण खाटेवर नसून खुर्चीवर असतो. आणि खुर्चीवरील या उपचारांना तेथे स्थान नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत व माजी सैनिकांच्या योजनेत दंतोपचारांची सोय आहे. म्हणून त्या योजनांच्या लाभार्थींनी आपली योजना सोडून आयुष्मान कार्ड स्वीकारण्यापूर्वी हा फरक अवश्य ध्यानी घ्यावा.

ही सोयही शहराबाहेर विरळ होते. सोलापूर-धुळे महामार्गावरील, फटाक्यांच्या उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या तेरखेड्याचे उदाहरण घ्या. तेथे राहणाऱ्या केंद्रीय निवृत्ताला मुंबई, पुणे, नागपूर येथील केंद्रांचा नित्य उपयोग नाही. त्याऐवजी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेण्याची मुभा आहे. २०१७ साली ठरलेल्या या रकमेतून रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्यात की कवळीसाठी पैसे साठवावेत? मराठवाड्याचे शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि कवळीचे काम एका फेरीत होत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, हे खरे. पण दात काढून मिळाला तरी त्या जागी काय, हा प्रश्न उरतोच. ज्या मुलखात ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न, तेथे चावता न येणे म्हणजे अर्धपोटी राहणे होय.

खाजगी विम्याचा आधार घ्यावा, तर बहुतेक विमापत्रांत अपघाताखेरीज दातांचा खर्च वगळलेला असतो. बाह्यरुग्ण उपचारांचे जोडपत्र मिळते. परंतु त्यात कवळी आहे काय, मर्यादा किती, प्रतीक्षाकाल किती, हे वाचल्यावाचून सही करू नये. विमा कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. अनिश्चित संकटाचा भार अनेकांनी वाटून घ्यावा, हे विम्याचे तत्त्व. उतारवयात दात जाणे ही जवळजवळ निश्चित गोष्ट; तिचा हप्ता खर्चाइतकाच येणार. म्हणूनच हा प्रश्न विम्याचा नसून सरकारी तरतुदीचा आहे.

ही तरतूद अशक्य नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळीचा समावेश आहे. मात्र ती दारिद्र्यरेषेखालील अथवा महिना १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांपुरती. केरळात गरीब वृद्धांना कवळी देणारी ‘मंदहासम्’ योजना चालते. खर्चाची भीती मात्र खरी आहे. ब्रिटनने १९४८ साली कवळ्या मोफत दिल्या, मागणीचा लोंढा आला आणि १९५१ साली त्यांवर शुल्क बसले. त्या वादात मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यावरून घ्यावयाचा धडा एवढाच, की तरतूद मर्यादित पण निश्चित असावी.

आमची सूचना साधी आहे. सत्तरीपुढील कार्डावर दात काढणे, भरणे आणि ठरावीक वर्षांतून एकदा पूर्ण कवळी, एवढे तीन उपचार दाखल होण्याच्या अटीवाचून मिळावेत. ऐपत असणाऱ्यांकडून काही वाटा घेण्यास हरकत नाही. कवळीचे माप तालुक्याच्या रुग्णालयात घेतले जावे, म्हणजे तेरखेड्याच्या वृद्धाला संभाजीनगरचा रस्ता धरावा लागणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेची हमी देणाऱ्या सरकारने त्या हृदयाला पोसणाऱ्या घासाचीही काळजी वाहावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.