अभिनंदन, मुलगा झालाय!

देवनारला बकरा घ्यायला गेलेला माणूस 'हा बोकड की शेळी?' असं कधी विचारत नाही. बकरी ईदच्या आधी तिथल्या बाजारात एक चक्कर मारून बघा. १९७१ साली सुरू झालेल्या त्या अवाढव्य कत्तलखान्याच्या आवारात बोकडांच्या रांगा लागलेल्या असतात आणि गिऱ्हाईक थेट बोकडाचा ओठ वर करून दात बघतं. समोरचे दोन दुधाचे दात पडून मोठे आले, म्हणजे वर्ष उलटलं. बाकी काय बघायचं ते मागून दिसतंच! सौदा फिक्स, पैसे मोजा, टेम्पोत चढवा.

आता याच एक्स्पर्ट गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लू ठेवा. पिवळा कापसाचा गोळा, चिवचिव चालू. बोला शेठ, मुलगा की मुलगी? शेठची बोलती बंद. कारण कोंबड्याचं जे काही आहे ते सगळं आत, पाठीला लागून, मूत्रपिंडांना खेटून. बाहेर काही नाही. नर असो वा मादी, शेपटीखाली एकच भोक आणि सगळे व्यवहार तिथूनच.

माझी एक मैत्रीण देवनार गावठाणात राहते. नोकरी बीकेसीत, टार्गेट, प्रेझेंटेशन, सगळं साग्रसंगीत. घरामागे पडवीएवढी जागा आहे, तिथे सासूबाईंचं खुराडं. एकदा ऑफिसातून येताना तिने लेकीसाठी रस्त्यावरून सहा पिल्लं आणली. तीच ती, रंगात बुडवलेली. गुलाबी, पोपटी, निळी. खोक्याला भोकं पाडून दिलेली. लेकीने लगेच नावं ठेवली, त्यात एक गुलाबी राणी. 'वर्षभरात घरची अंडी!' असं मैत्रिणीने जाहीर केलं. सासूबाईंनी खोक्यात एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळे कोंबडे आहेत."

"आई, तुम्हाला कसं कळलं? एवढीशी तर आहेत!"

"स्वस्तात दिलेत ना?"

बॉस, याला म्हणतात मार्केट रिसर्च. सासूबाईंनी ना तुरा बघितला ना पंख. भाव बघितला. आणि रस्त्यावरच्या रंगीत पिल्लांच्या बाबतीत हीच सगळ्यात भरवशाची टेस्ट आहे. त्यासाठी थोडं हॅचरीत डोकवावं लागेल.

अंड्यांच्या धंद्यातली कोंबडी वेगळी आणि चिकनच्या धंद्यातली वेगळी. आपल्या बिर्याणीत येते ती ब्रॉयलर. सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जाते, त्यामुळे ती नर की मादी हे विचारायला कुणाला वेळ नसतो. लेअर म्हणजे अंड्यांसाठीची जात. ही बाई वर्षाला तीनशेवर अंडी देते. (गावठी कोंबडी साठ-ऐंशीवर थांबते, आणि मधेच खुडूक होऊन बसते ते वेगळंच.) पण लेअरच्या भावाचं काय? तो अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही धड चढत नाही. खाणार मात्र रोज. म्हणून जगभरात असे भाऊ जन्माच्या दिवशीच बाजूला काढून मारले जातात. हा आकडा वर्षाला सहा ते सात अब्ज धरतात. आपल्याकडे त्यातले काही नाममात्र भावाने बाहेर पडतात, रंगाच्या बादलीतून जातात आणि जत्रेत, आठवडी बाजारात, शाळेबाहेर विकले जातात. तुमच्याही शाळेबाहेर होते, आठवा जरा. आणि त्यांनी अंडी दिल्याचं आठवतंय का?

पण हॅचरीवाल्याला पहिल्याच दिवशी कळतं कसं? याचं श्रेय जपानला. तिथल्या मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात शोध लावला, की पिल्लाचं ते भोक हळूच उलटून बघितलं तर आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा असतो. तो नरात एका प्रकारचा, मादीत दुसऱ्या. १९२७ मध्ये कॅनडात ओटावाला झालेल्या जागतिक पोल्ट्री परिषदेत हे मांडलं गेलं आणि पुढच्या काही वर्षांत जपानी तज्ज्ञ परदेशी हॅचऱ्यांमध्ये जाऊन काम करू लागले. चांगला माणूस तासाला हजारेक पिल्लं तपासतो, आणि शंभरातली जेमतेम दोन चुकतात. 'मिनारी' हा २०२० चा सिनेमा बघितला असेल, तर त्यातलं कोरियन जोडपं अमेरिकेत हेच काम करतं. गंमत म्हणजे यातले मुरलेले लोक 'नक्की काय बघता?' या प्रश्नाचं धड उत्तर देऊ शकत नाहीत. बघतात आणि कळतं. वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. म्हणून घरी पिल्लू उलटं करून हा प्रयोग करू नका. तुम्हाला काही दिसणार नाही आणि त्याची आतडी मात्र फाटतील.

दुसरा शॉर्टकट पंखांचा. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात ना, पिल्लाचा पंख पसरायचा, पिसं लांब-आखूड असली की मादी, एकसारखी असली की नर? हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. ज्या जाती मुद्दाम तशा पैदास केल्यात, त्यांनाच हे लागू पडतं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच. तुमच्या गावठी, मिक्स, कुणाचा बाप कोण माहीत नाही अशा पिल्लांना नाही.

आणि अंड्याच्या आकारावरून सांगणारे काका तर प्रत्येक घरात असतात. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून कोंबडी. अॅरिस्टॉटलने याच्या बरोब्बर उलट लिहून ठेवलंय, टोकदार म्हणजे मादी! दोघंही कॉन्फिडन्ट, आणि दोघंही चूक.

आता एक जरा टोचणारी गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी असते, इथे गर्भलिंग तपासणी होत नाही. तो कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा आला १९९४ मध्ये. कारण आपल्याला माहीत आहे, मुली नको होत्या. इकडे जर्मनीत २०१८ च्या अखेरीस बर्लिनच्या सुपरमार्केटात अशी अंडी आली, ज्यांच्या कोंबड्यांची गर्भलिंग तपासणी झालेली होती. लेझरने उबवणीच्या अंड्याला सुईच्या टोकाएवढं भोक, आतला थेंबभर द्रव, नवव्या दिवशी हार्मोनची टेस्ट. नर निघाला की ते अंडं बाजूला, म्हणजे जिवंत पिल्लू मारायला नको. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत नर पिल्लं मारण्यावर बंदीच आली. जी टेस्ट आपल्याकडे गुन्हा, तीच तिकडे भूतदया. आणि यावर कडी म्हणजे, माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, तरी बोलणी सुनेला. कोंबड्यांत ते खरोखरच आईकडून ठरतं. पण मुलगा झाला म्हणून कोंबडीला कुणी बोल लावत नाही. मुलग्यालाच टाकतात.

असो. मुद्द्यावर येऊ. समजा तुम्ही रंगीत नाही, साधी मिक्स पिल्लं आणली. वनराजा किंवा गिरिराजसारख्या परसातल्या जातींची आणली. (केंद्र सरकारची पोल्ट्री संस्था आपल्या आरे कॉलनीतच आहे, मुंबईकरांना पत्ता नसतो!) अशी पिल्लं सहसा न निवडता देतात, म्हणजे साधारण अर्धे अर्धे. मग ओळखायचं कसं? थांबायचं. पाच-सहा आठवड्यांनी काहींचा तुरा इतरांपेक्षा मोठा आणि लाल व्हायला लागतो, हनुवटीखालची कातडीही लाल होते. ते बहुतेक कोंबडे. 'बहुतेक' म्हटलंय बरं का, कारण काही कोंबड्याही तुऱ्याच्या बाबतीत पुढारलेल्या असतात. आणि कडकनाथ असेल तर लाल रंगाची वाटच बघू नका, त्याचा तुरा काळसरच राहतो.

पक्का पुरावा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास येतो. शेपटीच्या अलीकडे, पाठीवर, जिथे खोगीर बसावं तिथली पिसं बघा. लांब, चिंचोळी, टोकदार, चकाकणारी असली की कोंबडा. गोलसर टोकाची, साधी असली की तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोर. मानेच्या पिसांचंही तसंच. हे बघायला चष्मा पुरतो, डिग्री लागत नाही. पायावरच्या नखीवर मात्र भरवसा ठेवू नका, ती म्हाताऱ्या कोंबड्यांनाही येते.

आणि आरवणं? ते तर फायनल, असं वाटेल. ९९ टक्के आहेही. पण कोंबडीचा एकच अंडाशय चालू असतो, डावा. तो आजाराने निकामी झाला तर कधीकधी उजवीकडचा सुप्त अवयव वाढतो आणि नर हार्मोन तयार करायला लागतो. मग बाई तुरा वाढवतात, आरवतात. गावाकडे याला अपशकुन मानून सुरी काढायचे. युरोपही काही कमी नाही. १४७४ मध्ये बाझल शहरात एका 'कोंबड्या'वर अंडं घातल्याबद्दल खटला चालवून त्याला चक्क जाळलं होतं.

ओळखण्याची घाई का, हे टॉवरवाल्यांना विचारा. कोंबडी अंडं घालून दोन मिनिटं ओरडते आणि गप्प बसते. कोंबडा पहाटे सुरू होतो. २०१९ मध्ये पुण्यात सोमवार पेठेत कोंबडा झोपू देत नाही म्हणून पोलिसांत तक्रार गेली होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले, आणि सप्टेंबरमध्ये मोरीस जिंकला! पुढे २०२१ मध्ये फ्रान्सने गावाकडचे आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच केला. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगून काही उपयोग नाही.

रात्री टोपलीखाली झाकून ठेवू, असं वाटत असेल तर नागोया विद्यापीठाचा २०१३ चा प्रयोग ऐका. कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, सकाळ कधी होते हे कळूच दिलं नाही. तरी ते ठरल्या वेळी आरवत राहिले, घड्याळ आतच असतं म्हणून. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही हे आपण आधीपासून म्हणतोय. कोंबड्याचं आरवणंही राहत नाही, एवढीच जपान्यांची भर.

मैत्रिणीच्या सहांपैकी दोन पिल्लं पहिल्या आठवड्यातच गेली. रंगीत पिल्लांचं असं होतंच. उरलेली चारही कोंबडे निघाली. गटारीला सासूबाईंनी तीन मार्गी लावले, वड्यांसकट. चौथ्याला हात लावायला लेक तयार नव्हती. गुलाबी रंग कधीच उडालाय, शेपटी हिरवी-काळी झुबकेदार झालीये, पण घरात त्याला अजून राणीच म्हणतात. समोरच्या बिल्डिंगमधले दुसरं काहीतरी म्हणतात. आणि अंड्यांसाठी सासूबाईंनी दोन तलंगा आणल्यात, त्या पिल्लांच्या कैकपट भावाने, पाठीवरची पिसं नीट बघून.