आजीच्या तंबूपुढे भोपळ्याचा दिवा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की आईवडिलांची तिकडची पहिली फेरी बहुधा उन्हाळ्यात होते. नायगारा पाहून होतो, न्यूयॉर्क पाहून होते, भरपूर फोटो निघतात. मग सप्टेंबर उजाडतो. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि दिवसभर घरात उरतात फक्त दोघे. अशातच एके दिवशी शेजारच्या अंगणात झाडाला टांगलेला सांगाडा दिसतो, पायरीवर दात विचकणारा भोपळा येऊन बसतो. हॅलोविन जवळ आलेला असतो.

सांगलीहून ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी मुलाकडे आलेले असेच एक जोडपे डोळ्यांसमोर आणा. आठ वर्षांचा नातू जेवताना जाहीर करतो, "आजी, मी या वर्षी सांगाडा होणार! आणि आपण सगळे तंबूत राहायला जायचंय!"

आजीचा घास हातातच राहतो. "ऐन नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत मुलाला सांगाड्याचा वेष? आणि वर झोळी घेऊन दारोदार मागायला पाठवायचं?"

"आई, इथे सगळीच मुलं जातात. तो एकटाच घरी बसला, तर शाळेत काय सांगेल?" सून समजावते.

"मग तुम्ही जाऊन या. आम्ही दोघं घरीच थांबतो."

आवाज कोणाचाच चढलेला नसतो. पण नातवाचा चेहरा उतरलेला असतो, आणि उरलेले जेवण मुकाट्याने पार पडते.

चूक कोणाची?

खरे तर दोघींचेही बरोबर आहे. आपला मुलगा वर्गात परका ठरू नये, ही सुनेची काळजी खरी. सणाला मंगल दिसावे, लेकराच्या अंगावर मरणाची खूण नको, हा आजीचा संस्कारही खरा. मात्र आजीच्या नकारामागे आणखी एक गोष्ट असते. ती स्वतः बोलत नाही आणि कोणी विचारतही नाही. या घरातल्या कार्यक्रमात आपले काम काय? सांगलीत सण म्हटला, की सारे घर तिच्या शब्दावर चालायचे. इथे ती गाडीच्या मागच्या सीटवर बसणारी पाहुणी. भुताखेतांपेक्षा हे रिकामपण तिला अधिक बोचते.

भुते आपलीही आहेत

वास्तविक हा सण वाटतो तितका परका नाही. आयर्लंड आणि त्याच्या आसपासच्या केल्टिक लोकांत हिवाळ्याच्या तोंडावर 'साविन' हा सण पाळत. सुगी संपायची, अंधाराचे दिवस सुरू व्हायचे आणि त्या रात्री मृतांचे जग जवळ येते असे मानले जाई. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या रात्रीला हॅलोविन हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. मायदेशी ते सलगम कोरून दिवे करत. इथे त्यांना भोपळा मिळाला. तो मोठा आणि कोरायलाही सोपा.

आता आपल्याकडे पाहा. सर्वपित्री अमावास्येला आपणही गेलेल्यांची आठवण करतो. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. कोकणात शिमग्याला संकासुर दारी येतो आणि पोरे किंचाळत पळतात. राहिला प्रश्न मागण्याचा. कोलंबस परिसरात मुलांच्या या फेरीला 'बेगर्स नाइट', म्हणजे चक्क भिकाऱ्यांची रात्र, असे नाव अनेक वर्षे रूढ आहे. ते ऐकून आजी आणखीच दुखावते. पण नवरात्रात देवीचा जोगवा मागतात, त्याला कोणी भीक म्हणत नाही. संक्रांतीला मुले तिळगूळ घ्यायला घरोघर जातातच ना? २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी हॅलोविन, असा दिवस तिकडच्या मराठी मुलांना मिळाला.

हे सारे आजोबा आजीला सांगतात. ती ऐकून घेते, पण मन वळत नाही. वाद जिंकल्याने मन वळतेच असे नाही. शेवटी नातू हात धरतो आणि ती "बरं, येते" एवढेच म्हणते.

तलावाकाठचे दोन दिवस

ओहायोतल्या अनेक सरकारी उद्यानांत हॅलोविनचे मुक्काम ३१ तारखेची वाट पाहत नाहीत. थंडी वाढण्याआधीचे शनिवार-रविवार त्यासाठी ठेवतात. तारखा दर वर्षी बदलतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून काही महिने आधीच चौकशी करून आरक्षण करावे. तिथल्या राज्य उद्यानांत प्रवेशशुल्क नाही. पैसे पडतात ते तंबूच्या जागेचे.

कोलंबसच्या उत्तरेला, गाडीने साधारण अर्ध्या तासावर अ‍ॅलम क्रीक हे असेच एक उद्यान आहे. पूर अडवण्यासाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी सत्तरच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी इथे धरण बांधले. त्यातून सुमारे ३,४०० एकरांचा तलाव झाला. काठावर शेल खडकाचे कडे आणि त्यांत शिरलेले निवांत फाटे आहेत. ऑक्टोबरच्या मध्यास मेपल आणि ओकची पाने लाल, केशरी, पिवळी होतात. यादवी युद्धापूर्वी, म्हणजे १८६१ च्या आधी, दक्षिणेतून पळालेले गुलाम याच ओढ्याच्या खोऱ्यातून रात्री लपतछपत उत्तरेकडे जात. त्यांच्या त्या रात्रींची भीती मात्र खेळातली नव्हती.

मुक्कामाला जाताना एक गोष्ट विसरू नये. दिवसा ऊन छान असते, परंतु रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरू शकतो. वडीलधाऱ्यांसाठी जमिनीपासून उंच खाट, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि उशाशी टॉर्च हवाच. स्वच्छतागृह तंबूपासून दूर असू शकते, म्हणून जागा निवडताना ते जवळ असलेले पाहावे. गुडघे दुखत असतील, तर तंबूचा हट्ट नको. काही उद्यानांत लाकडी केबिन मिळतात.

होडीत बसण्याआधी

तलाव पाहताच आजोबांना कृष्णाकाठ आठवतो. नातवाला घेऊन कनूत, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीत, बसायला ते निघतात. मुलगा लाइफ जॅकेट पुढे करतो तेव्हा ते हसतात. "अरे, मी कृष्णेच्या पुरात पोहलोय!"

इथे मुलाने ऐकू नये आणि तो ऐकतही नाही. ऑक्टोबरचे पाणी थंड असते. त्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास जोरजोरात ओढला जातो आणि त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाते. पुढच्या काही मिनिटांत हातपायांतली ताकद कमी होते. पट्टीचा पोहणाराही इथे फसतो. म्हणून होडीत जितकी माणसे तितकी जॅकेट हवीतच, असा तिकडचा कायदा आहे. १८ फुटांहून लहान होडीत दहा वर्षांखालच्या मुलाने ते अंगात घातलेलेच पाहिजे, असा ओहायोचा नियम आहे. मोठ्यांनीही घालावे. आजोबांनी घातले, की नातू कुरकुर करत नाही.

आणखी काही लक्षात ठेवण्यासारखे :

• ऑक्टोबरमध्ये भाड्याच्या होड्या बंद झालेल्या असू शकतात. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. कोणाची मागून आणली, तर तिची नोंदणी झालेली आहे ना ते पाहावे. ओहायोत कनू आणि कयाकलाही नोंदणी लागते.

• होडीत उभे राहू नये, काठाकाठाने जावे, वारा सुटला की परतावे.

• कपड्यांचा एक कोरडा जोड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत जवळ ठेवावा.

आजी काठावर खुर्ची टाकून बसते. केशरी जॅकेटातले दोन ठिपके फाट्याच्या वळणाआड जातात, तशी ती उठून उभी राहते. परत दिसेपर्यंत खाली बसत नाही.

शेकोटी, लाकूड आणि पदर

शेकोटीसाठी घरच्या अंगणातले लाकूड गाडीत टाकून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. लाकडातून कीड प्रवास करते. 'एमराल्ड अ‍ॅश बोरर' नावाचा हिरवा चकाकता भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी ओहायोत. त्याने अमेरिकेतली अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडे मारली. म्हणून लाकूड उद्यानात किंवा जवळपासच विकत घ्यावे.

शेकोटी नेमून दिलेल्या लोखंडी कड्यातच पेटवावी. साडी असेल तर पदर खोचून घ्यावा आणि मुलांचे झुळझुळीत झगे विस्तवापासून लांब ठेवावेत. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी सेलवर चालणारा दिवा बरा. तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. खाऊही तंबूत ठेवू नये. रात्री रकून नावाचा प्राणी येतो आणि चेन उघडी दिसली की आत शिरतो.

देणाऱ्याची जागा

आजीने निघण्यापूर्वी एक काम मनाशी ठरवलेले असते. इतकी मुले येणार, तर त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करावेत. सून घाबरतच सांगते, "आई, इथे अनोळखी घरचा उघडा पदार्थ कोणी मुलांना खाऊ देत नाही. आणि शेंगदाण्याची तर कितीतरी मुलांना अ‍ॅलर्जी असते. जिवावर बेततं."

आजी खट्टू होते. परंतु नेमक्या याच ठिकाणी सून शहाणपणा करते. ती लाडू उडवून लावत नाही. "लाडू आपल्या शेकोटीसाठी करा. मुलांना द्यायचं बंद पाकिटातलं सामान मी आणते, पण वाटायचं तुम्हीच. आम्ही दोघं मुलाबरोबर फिरणार. तंबूपाशी घरचं माणूस तर हवंच ना?"

ती आणखी एक गोष्ट करते. खाऊ चालत नसलेल्या मुलांसाठी रंगीत पेन्सिली आणि चेंडूही आणते. अशा वस्तू ठेवणारे लोक दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. २०१४ पासून ही पद्धत अमेरिकाभर पसरली.

सूर्य सातच्या सुमारास मावळतो. तंबूंपुढे दिवे लागतात. शहरातल्या घरात आजी दाराआड राहिली असती. इथे दारच नाही. प्रत्येक कुटुंब आपापल्या तंबूपुढे बसलेले, येणारे-जाणारे हात हलवत असलेले. आजी स्वेटरवर शाल गुंडाळून बसते. मांडीवर टोपले, पायाशी नातवाने कोरलेला वेडावाकडा भोपळा.

पहिली येते एक चिमुकली मधमाशी. तिच्या पंखांपैकी एक गळून पडलेला असतो. "ट्रिक ऑर ट्रीट!" आजी टोपले पुढे करते, मग खाली ठेवते आणि शालीची पिन काढून आधी तिचा पंख नीट लावून देते. मुलीची आई दोनदा आभार मानते. मग चेटकीण येते, अंतराळवीर येतो, पांढरी चादर पांघरलेली तीन भुते येतात. थोड्या वेळाने आजी प्रत्येकाला थांबवून "व्हॉट इज युवर नेम?" विचारू लागते. आजोबांना मात्र टोपल्याला हात लावू देत नाही.

शेवटी येतो एक सांगाडा. मित्रांच्या घोळक्यात, पिशवी पसरून.

"तू कुठला रे भुता?" आजी मराठीतच विचारते.

"आजी, मीच आहे!"

"मला काय ओळखू येतंय? नाव सांग, गाव सांग, मग मिळेल."

तो आपले नाव सांगतो, मग क्षणभर विचार करून म्हणतो, "सांगली!" मित्र हसतात. आजी त्याच्या पिशवीत दोन पाकिटे टाकते.

मध्यरात्री तलावापलीकडे घुबड घुमते. दिवसभर भुतांबरोबर हिंडलेला सांगाडा आपली खाट सोडून आजीच्या पांघरुणात शिरतो. ती काही बोलत नाही, नुसती सरकून जागा करते.

परक्या मुलखात नातवंडांचे सण बदलतात. ते कोणी थांबवू शकत नाही आणि थांबवण्याचे कारणही नाही. परंतु नव्या सणात घरातल्या मोठ्यांना नुसते बरोबर नेऊन भागत नाही, त्यांच्या हाती काहीतरी द्यावे लागते. आणि मोठ्यांनीही तो सण कोणाचा, हे विचारत बसण्यापेक्षा त्यात आपल्याला कोणाला काय देता येईल, ते पाहावे.

परतताना आजी वाटेवरच्या दुकानातून कोरण्याचा नव्हे, छोटा गोड भोपळा मागून घेते. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो, हे तिने दोन दिवसांत चौकशी करून ठेवलेले असते. घरी पोहोचल्यावर त्याचे घारगे होणार असतात.